७ नंबरचा स्पे रॉड, ७ नंबरचीच लाइन, तरी कास्ट बसत नाही: नेमकं काय तपासायचं

सिएटलच्या आसपास फ्लाय फिशिंग करत स्टीलहेडच्या (समुद्रातून नदीत येणाऱ्या रेनबो ट्राउटच्या) मागे लागलेली आपली जी मंडळी आहेत त्यांच्याकडून दर हिवाळ्यात हाच प्रश्न येतो, शब्द तेवढे वेगळे. दोन हातांचा म्हणजे स्पे रॉड घेतला, १३ फुटी, त्यावर ७ लिहिलंय, लाइन पण ७ चीच आणली, व्हिडिओ बघून डबल स्पे हा कास्ट (लाइन फेकायची एक पद्धत) शिकलो, आणि नदीवर गेलं की लाइन एकतर समोर ढीग होऊन पडते नाहीतर मागे फाट्कन आवाज होतो आणि फ्लाय (हुकवर बांधलेलं नकली आमिष) तुटून जाते. मग ज्याला विचारावं तो सांगतो की प्रॅक्टिस कर. प्रॅक्टिस पाहिजेच, त्यात वाद नाही, पण रॉड आणि लाइनचा मेळच बसलेला नसेल तर त्या प्रॅक्टिसने नुकसान होतं, कारण हात ती चूक भरून काढायला नको त्या सवयी लावून घेतो आणि नंतर बरोबर लाइन आली तरी त्या सवयी जात नाहीत. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी सामान तपासा, मग हात.

काहीही विकत घ्यायच्या आधी एक फुकटची गोष्ट बघा. लाइनचा पुढचा जाड, जड भाग म्हणजे हेड जिथे संपतं आणि मागची बारीक रनिंग लाइन सुरू होते तो जोड कास्ट करताना कुठे असतो? तो रॉडच्या टोकाच्या बाहेर दोन ते चार फूट पाहिजे. स्कँडी (लांब, पुढे निमुळतं) हेड असेल तर अजून फूटभर चालतं. खूप जण जोड गाइडच्या (रॉडवरच्या कड्यांच्या) आतच ठेवतात, म्हणजे हेडचा सगळ्यात जाड भाग बाहेर येतच नाही, रॉडला पूर्ण वजन मिळत नाही आणि वाटतं लाइन हलकी आहे. उलट जोड सहा-आठ फूट बाहेर गेला तर बारीक रनिंग लाइन जड हेडला ढकलू शकत नाही, मधेच मोडते आणि सगळं कोसळतं. जोडाची जागा नीट ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकून बघा. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं. नाही झालं तर पुढे वाचा.

आता तो ७ नंबर. एका हाताच्या रॉडसाठी जे नंबर आहेत ते अमेरिकेत साठच्या दशकाच्या सुरुवातीला ठरले, लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन किती ग्रेन (वजनाचं छोटं माप, एका ग्रॅममध्ये १५.४३) यावर. ५ म्हणजे १४० ग्रेन, ७ म्हणजे १८५, ८ म्हणजे २१०. दोन हातांच्या ७ नंबरच्या रॉडला मात्र साधारण ४५० ते ५५० ग्रेन लागतात, म्हणजे नंबर तोच आणि वजन जवळपास तिप्पट! याचं कारण कास्टच्या पद्धतीतच आहे. स्कॉटलंडच्या स्पे नदीवर काठाला झाडी आणि चढ, मागे लाइन फेकायला जागाच नाही, म्हणून लाइन पूर्ण मागे न नेता पुढचं टोक पाण्यावर टेकवून ठेवायचं आणि बाकीच्याचा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा लूप रॉडच्या मागे करायचा अशी पद्धत तिथे आली. पाण्यावर टेकलेलं ते टोक म्हणजे अँकर. आता गंमत अशी की रॉड वाकवायला मुख्यतः त्या डी-लूपमधलंच वजन कामी येतं, पाण्यावर पडलेलं येत नाही. त्यात रॉड लांब आणि दोन हातांनी चालवायचा. त्यामुळे हेड जड लागतं.

पुढे स्पे लाइनसाठी वेगवेगळ्या हेडच्या लांबीनुसार वेगळं कोष्टक पण बनवलं गेलं, पण आज स्कॅगिट (आखूड, जड) आणि स्कँडी हेड सरळ ग्रेनवरच विकली जातात, तेव्हा तुम्हीही ७ विसरा आणि ग्रेनमध्ये विचार करा. रॉडच्या कॉर्कच्या वर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. ७१३०-४ असं काही असेल तर ७ नंबर, १३ फूट ० इंच, ४ तुकडे. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा ग्रेनची रेंज असते. नसेल तर रॉड बनवणाऱ्याच्या साइटवर मिळते. त्या रेंजचा खालचा अर्धा भाग स्कँडीसाठी आणि वरचा अर्धा स्कॅगिटसाठी धरून सुरुवात करा. १३ फुटी ७ ला बहुधा स्कँडी ४५०-४८० आणि स्कॅगिट ५१०-५४० बसतं, ८ ला स्कॅगिट ५७०-६०० पर्यंत जातं, आणि साडेबारा फुटी ६ ला ४५०-४८० च्या आसपास. पण हा अंदाजच आहे, एकाच नंबरचे दोन कंपन्यांचे रॉड पन्नास-साठ ग्रेनने सहज वेगळे निघतात, म्हणून मित्राच्या रॉडला काय चालतं त्यावरून आपलं हेड मागवू नका.

स्विच रॉडवाल्यांनी (स्पेपेक्षा छोटा, एका किंवा दोन हातांनी चालणारा रॉड) तर जास्तच जपून. ११ फुटी ७ नंबरच्या स्विच रॉडवर एका हाताची ७ ची लाइन चढवून स्पे कास्ट करायला बघणारे अजून भेटतात. १८५ ग्रेन, आणि रॉड मागतोय ४०० च्या वर. गोफणीत खड्याऐवजी भुसा भरून फिरवल्यावर जे होईल तेच इथे होतं, हात कितीही जोरात फिरवा.

जुनं किंवा सेकंडहँड हेड असेल आणि त्यावर काही लिहिलेलं नसेल तर वजन करा, अंदाज नको. सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. ग्रॅमला १५.४३ ने गुणलं की ग्रेन. काट्यावर बटण दाबत गेलं की तोळा, कॅरट, ग्रेन सगळं येतं, तेव्हा आकडा कशाचा आहे ते बघून घ्या, थेट ग्रॅमवर ठेवून स्वतः गुणलेलं बरं. हेड वेगळं निघत असेल तर सोपं आहे, नुसतं गुंडाळी करून ठेवायचं. हेड आणि रनिंग लाइन अखंड असेल तर फक्त हेडचा भाग काट्यावर आणि उरलेली रनिंग लाइन काट्याच्याच उंचीच्या पुस्तकावर ठेवा, नाहीतर तिचा ताण आकड्यात येतो. युरोपातली हेड ग्रॅममध्येच असतात, ३४ ग्रॅम म्हणजे ५२५ ग्रेन, ३० ग्रॅम म्हणजे ४६३.

अजून एक जागा जिथे हिशोब फसतो. स्कॅगिट हेडवर जो आकडा असतो तो नुसत्या हेडचा, त्याच्या पुढे जोडायचा बदलता तुकडा म्हणजे टिप वेगळी. रॉडची रेंज पण स्कॅगिटच्या बाबतीत टिप सोडूनच धरतात. पण बदलत्या टिपवाल्या काही लाइन्सवर पहिल्या टिपसकट वजन छापलेलं असतं. ५४० लिहिलंय म्हणून घेतलं आणि त्यातले शंभरेक ग्रेन टिपचेच निघाले की हेड उरलं ४४०. बॉक्सच्या मागचा तक्ता वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

वजन बरोबर आहे आणि तरी जमत नाही, मग लांबी. याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि माझ्या मते वजनाइतकीच चूक इथे होते. स्कॅगिट हेड रॉडच्या पावणेदोन ते दोन पट, म्हणजे १३ फुटीला २३ ते २६ फूट, ११ फुटी स्विचला १९-२० फूट. स्कँडी हेड अडीच ते तीन पट, म्हणजे १३ फुटीला ३३ ते ३८ फूट, आणि त्यापुढे लीडर (लाइन आणि फ्लायमधला बारीक दोरा) वेगळा. हेड रॉडच्या मानाने लांब झालं की डी-लूप पूर्ण बनतच नाही, लाइनचा जास्तच भाग पाण्यात पडून राहतो आणि ती उचलायला तुम्ही वरच्या हाताने जोर लावता. ५० फुटांच्या वरची मिड बेली आणि लाँग बेली हेड जुन्या पद्धतीच्या १४-१५ फुटी रॉडसाठी आणि हात बसलेल्या माणसासाठी आहेत, फार सुंदर चालतात, पण पहिल्या वर्षी नकोत.

आणि इथे पाण्याची खोली येते. "सकाळी छान जात होतं, दुपारी सगळं बिघडलं" असं कोणी म्हणालं की मी पहिलं विचारतो की किती आत गेला होतास. घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभे असता तेव्हा आणि कमरेपर्यंत उतरता तेव्हा रॉडच्या टोकाची पाण्यापासूनची उंची तीन फुटांनी कमी होते, म्हणजे १३ फुटी रॉड १० फुटी असल्यागत वागायला लागतो आणि सकाळी बरोबर बसलेलं हेड आता लांब पडतं. गुडघ्याच्या वर पाणी नको, निम्मी स्टीलहेड तशीही काठापासून जवळच असतात आणि आपण त्यांच्याच अंगावरून चालत आत जातो. आत जावंच लागत असेल तर छोटं हेड लावा.

आता टिप आणि अँकर, यावर जरा सविस्तर लिहितो कारण बहुतेकांचा खरा त्रास इथला असतो.

स्कॅगिट आणि स्कँडी ही दोन वेगळ्या कामांची हत्यारं आहेत. स्कॅगिट पद्धत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट नदीवरची, एड वॉर्ड, माइक मॅक्यून, स्कॉट ओ'डॉनेल या मंडळींनी ती घडवली, थंड फुगलेल्या पाण्यात जड बुडणारी टिप आणि भली मोठी फ्लाय फेकायची म्हणून. त्यात अँकर पाण्यावर टिकून राहतो आणि त्या धरलेल्या पाण्याविरुद्धच रॉड वाकतो. डबल स्पे, स्नॅप-टी, पेरी पोक हे त्यातले कास्ट. स्कँडी स्वीडनच्या गोरान अँडरसन यांच्या अंडरहँड पद्धतीतून आलेलं, त्यात अँकर पाण्याला स्पर्श करतो न करतो तोच पुढे निघायचं, सिंगल स्पे आणि स्नेक रोल त्यातले. खालच्या हाताचं काम जास्त, फ्लाय हलकी, लीडर लांब. तर आपल्या हातात कुठलं हेड आहे आणि आपण कुठला कास्ट करतोय हे जुळतंय का ते आधी बघा.

मागे फाट्कन आवाज आणि लाइन पाण्यातून उडून येते, म्हणजे अँकर सुटला. स्कँडी असेल तर पहिला संशय लीडरवर. लीडर निदान रॉडइतका लांब पाहिजे, थोडा जास्तच बरा. ९ फुटी ट्राउटचा लीडर लावून १३ फुटी रॉडवर स्कँडी टाकणाऱ्याचा अँकर सुटणारच, त्यात हाताचा दोष शोधू नका. १० फुटी पॉलीलीडर (कोटिंगचा निमुळता लीडर) आणि पुढे चार-पाच फूट टिपेट (फ्लाय बांधायचा बारीक दोरा) एवढं लावून बघा. स्कॅगिट असेल तर टिप हलकी आहे का ते बघा. स्कॅगिट हेडला थेट लीडर बांधायचाच नसतो, पाण्याच्या वरवरच मासेमारी करायची असली तरी १० फुटी तरंगती टिप मधे पाहिजे आणि तिला वजन पाहिजे. ५७० ग्रेनच्या हेडपुढे हलका ट्राउटचा पॉलीलीडर लावला की हेडची सगळी ताकद त्या बारीक टोकात जाते, ते शेवटी झटका खाऊन आडवं पडतं आणि फ्लाय कुठेतरी भलतीकडे.

याच्या उलट, लाइन पाण्यातून निघतच नाही, पच्च आवाज करून अडकते, हात भरून येतो. इथे टिप जास्त झालीये किंवा हेड तिला उचलायला पुरत नाहीये. बुडणाऱ्या टिपवर टी-८, टी-११, टी-१४ असं असतं, यातला आकडा म्हणजे फुटाला किती ग्रेन. १० फूट टी-११ म्हणजे ११० ग्रेन, साडेबारा फूट टी-१४ म्हणजे १७५. तर ४५० च्या हेडला टी-१४ चा लांब तुकडा आणि शिशाचे डोळे लावलेली ओली इंट्रूडर फ्लाय, हे ओझंच आहे. ६ च्या रॉडला टी-८ किंवा १० फूट टी-११, ७ ला टी-११, ८ ला टी-१४, एवढं धरून चाला. खोल जायचंच असेल तर लांब टिप लावण्यापेक्षा कास्ट जरा प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, लाइनला सैल द्या, बुडायला वेळ द्या. अर्धी तरंगती अर्धी बुडणारी अशा १० फुटी टिपचा सेट मिळतो, त्याचा मोठा फायदा हा की लांबी सारखीच राहते आणि टिप बदलली तरी कास्ट फारसा बदलत नाही. सुरुवात करणाऱ्याला मी तोच सेट सांगतो. आणि स्कँडीला टी-१४ लावू नका, त्याचं पुढचं टोक निमुळतं असतं, एवढं ओझं उलटवायची ताकदच त्यात नाही.

अडकण्याचं दुसरं कारण म्हणजे वेळ. बुडणारी टिप पाण्यात सेकंद-दोन सेकंद जास्त राहिली की खाली जाते. डबल स्पे करताना विचार करत थांबलात तर कुठलंच हेड तिला काढणार नाही. हे तपासायचं तर बुडणारी टिप काढून तरंगती लावा आणि तोच कास्ट करा. तरंगतीने छान जात असेल तर हेड ठीक आहे, टिप किंवा वेळ बघा. तरंगतीनेही जात नसेल तर हेडकडे या.

आता हेड जड आहे की हलकं हे हाताला कसं कळायचं? एकच कास्ट तीन वेगांनी करा, लाइन शूट न करता (जादा रनिंग लाइन न सोडता), नुसतं हेड बाहेर ठेवून. अगदी सावकाश केल्यावरच बरा जातो आणि जरा जोर दिला की रॉड कॉर्कपर्यंत वाकतो, लूप मोठा उघडतो, लाइन धप्पकन पडते, तर हेड जड. जोरात केल्यावरच जातो आणि सावकाश केला की रॉड ताठच राहतो, हाताला काही जाणवतच नाही, तर हेड हलकं. कुठल्याच वेगाने जात नाही तर पुन्हा लांबी आणि टिप बघा, वजनाच्या मागे लागू नका. मध्यम वेगाला छान आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं बिघडतं, तर हेड बरोबर आहे, हात सुधारा.

यात एक पेच आहे, वरच्या हाताने ढकलायची सवय असेल तर लक्षणं अगदी जड हेडसारखीच दिसतात. ते वेगळं काढायला वरच्या हाताचा फक्त अंगठा आणि दोन बोटं कॉर्कवर ठेवा आणि खालचा हात पोटाकडे ओढून कास्ट करा. लूप लगेच आवळला तर हेडला दोष देऊ नका. नाही आवळला तर ३० ग्रेन खाली जा. बदल नेहमी ३० ग्रेनच्या टप्प्याने आणि एका वेळी एकच गोष्ट, हेड आणि टिप दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. आमच्यातल्या एकाचा साडेबारा फुटी ७ होता, सेलमध्ये मिळालं म्हणून ५४० चं हेड, पुढे साडेबारा फूट टी-१४, स्कायकोमिश नदीला कमरेपर्यंत पाण्यात. त्याने कोच पण लावला. शेवटी दुसऱ्याचं ४८० चं छोटं हेड आणि १० फूट टी-११ लावून, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं करून टाकायला दिलं आणि तोच माणूस त्याच दुपारी सरळ लाइन टाकायला लागला. रॉड तोच, हात तेच.

म्हणून विकत घ्यायच्या आधी मागून घ्या. स्पेचं सामान ठेवणारी बरीच फ्लाय शॉप्स हेड ट्रायला देतात, नदीकाठी भेटलेली माणसं पण देतात, या लोकांमध्ये तेवढा मोठेपणा आहे. हेड कापून वजन कमी करायचा सल्ला पण मिळेल, तो सध्या बाजूला ठेवा, कापलेलं परत जोडता येत नाही आणि टेपर (हेडचा निमुळतेपणा) पण बिघडतो.

कास्ट सुंदर उलटतो पण लांब जात नाही, ही तक्रार वेगळी आहे, तिचा संबंध रनिंग लाइनशी. हलक्या हेडमागे जाड रनिंग लाइन असेल तर ती ओढून नेता नेताच हेड दमतं. मोनोची (साध्या नायलॉनची) असेल तर सकाळी हाताने ताणून वेटोळी काढा. कोटिंगची असेल आणि चिकट लागत असेल तर कोमट पाणी आणि साधा साबण. हेडचं पण तेच, तरंगत्या हेडचं टोक बुडायला लागलं की अँकर अडकतो आणि लोक हेड बदलायला निघतात, ते नुसतं मळलेलं असतं.

वाऱ्याचं एक सांगायलाच पाहिजे कारण तो प्रश्न डोळ्याचा आहे. वारा नदीच्या वरच्या अंगाकडे वाहत असेल तर अँकर वरच्या बाजूला, म्हणजे सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. खालच्या अंगाकडे असेल तर अँकर खालच्या बाजूला, डबल स्पे किंवा स्नेक रोल. उलट केलं तर जड हुक तुमच्या तोंडावरून जातो. चष्मा आणि टोपी कायम, हुकची काटेरी पकड दाबून सपाट केलेली.

एकच हेड घ्यायला पैसे असतील तर हिवाळ्यातल्या स्कायकोमिश-स्कॅगिटसाठी स्कॅगिट हेड, रेंजच्या मधल्या भागापासून थोडं वर. उन्हाळ्याच्या शेवटी ओरेगनच्या डेशूट्स नदीला तरंगत्या लाइनवर छोटी फ्लाय टाकायची असेल तर स्कँडी. दोन्हीकडे एकच चालवायचं असेल तर स्कॅगिट आणि तरंगती टिप, थोडं धसमुसळं पडेल पण चालेल.

पुण्या-मुंबईत बसून रॉड मागवणाऱ्यांना ट्राय करायला हेड मिळणं अवघड आणि चुकीचं आलं तर परत पाठवायचा खर्च मोठा, तेव्हा त्यांनी रेंजच्या बरोबर मधलं घ्यावं, टोकाचं नाही. आणि सराव गवतावर नको, साध्या लीडरचा अँकर गवतावर पाण्यासारखा धरत नाही. पवना किंवा मुळशीच्या बॅकवॉटरला जा, हुकऐवजी रंगीत लोकरीचा तुकडा बांधा, १० फुटी तरंगती टिप लावा. साठलेल्या पाण्यात लाइन आपोआप खालच्या अंगाला जाणार नाही, म्हणून कोन बदलायच्या भानगडीत न पडता आधी समोरच्या समोर साधा रोल आणि स्विच कास्ट करा, तीन वेगांची वरची टेस्ट त्यावर पण व्यवस्थित होते.